गासडी केवढी असावी?

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार आणि सहभोजन यांच्या मध्ये गवत-पेंढ्याच्या गासड्यांवर व्याख्यान ठेवलेले पाहून आपल्यापैकी पुष्कळांस नवल वाटले असेल. परंतु कार्यकारी मंडळाने हा विषय सुचविला तो उगाच नव्हे. वाडा, पालघर, डहाणू, शहापूर, मुरबाड या बाजूंस आपल्या ज्ञातीतील कुटुंबांची भातशेती आहे, गवताची माळराने आहेत, गोठ्यात दोन-चार जनावरे आहेत. कापणी आणि मळणी आता यंत्राने होऊ लागली. पेंढा बांधावयास आणि उडवी रचावयास माणूस मिळत नाही. पुष्कळ ठिकाणी तो शेतातच भिजतो, कुजतो, क्वचित पेटवूनही दिला जातो. आणि पुढे पावसाळ्यात त्याच घरी चारा विकत आणावा लागतो. अशा वेळी गासड्या बांधणारे यंत्र, ज्यास सर्वत्र ‘बेलर’ म्हणतात, ते कर्ज काढून घ्यावे असा विचार आपल्यातील काही तरुणांच्या मनात घोळत आहे. कर्ज चांगल्या कामासाठी काढले तरी ते फेडावे लागतेच. आणि हिशेब चुकला तर ते मुलांच्या शिक्षणाच्या पैशांतून फेडले जाते. म्हणून हा विषय केवळ शेतीचा नाही, घराचा आहे.

मी शेतकी तज्ज्ञ नव्हे. आयुष्यभर शाळेत अंकगणित शिकविले, तेव्हा मी जे सांगणार आहे ते बहुतेक चौथी-पाचवीच्या गणितात बसणारे आहे. पण माझा अनुभव असा की, मोठमोठे व्यवहार बिघडतात ते बहुधा याच गणितात.

गासडी ही आपल्या भागास नवी नाही. मुंबईत घोड्यांच्या गाड्या आणि म्हशींचे तबेले होते त्या काळापासून ठाणे जिल्ह्याचे गवत मुंबईस जात आले. मोकळे गवत जागा फार अडविते. गाडी भरली तरी वजन भरत नाही. म्हणून ते दाबून, बांधून पाठविण्याची रीत पडली. या व्यापाराच्या मुळाशी जे श्रम होते त्यांचीही आठवण ठेवली पाहिजे. १९४५ साली तलासरी, डहाणू, उंबरगाव भागातील वारली बांधवांनी शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली जो लढा दिला, त्यातील एक मुख्य मागणी ५०० पौंड गवत कापण्यास अडीच रुपये मजुरी मिळावी ही होती. मजुरी वजनावर मागितली गेली हे ध्यानात ठेवा. या मुद्द्याकडे मी पुन्हा येणार आहे.

यंत्राची हकीकत थोडक्यात सांगतो. दोरीची गाठ आपोआप मारणारी युक्ती अमेरिकेत जॉन ॲपलबी याने १८७८ च्या सुमारास सिद्ध केली. ती मूळ धान्याच्या पेंढ्या बांधण्यासाठी होती. गोल गासडीची कल्पना नेब्रास्का संस्थानातील अमो ल्यूबेन याची. तिचे पेटंट १९१० चे. शेतात चालता चालता गवत उचलून, दाबून, दोरीने स्वतःच बांधणारे चौकोनी यंत्र १९४० च्या सुमारास न्यू हॉलंड कंपनीने बाजारात आणले, आणि माणसाहून उंच अशा प्रचंड गोल गासड्यांचे यंत्र १९७१ साली व्हर्मीर कंपनीने काढले. हे सांगण्याचे कारण एवढेच की, ही यंत्रे ज्या देशात जन्मली तेथे शेते विस्तीर्ण, मजूर थोडे, आणि गासडी उचलावयास दुसरे यंत्र हाताशी, अशी परिस्थिती होती. आपली खाचरे पाच-दहा गुंठ्यांची, बांध जवळजवळ, आणि गासडी उचलणारे यंत्र म्हणजे घरातील माणूस. यंत्र तेच असले तरी प्रश्न निराळा आहे.

सांप्रत जी यंत्रे मिळतात त्यांचे चार वर्ग करता येतात.

पहिला वर्ग लहान चौकोनी गासडीचा. तिचे तोंड सुमारे ३६ गुणिले ४६ सेंटिमीटर, म्हणजे १४ गुणिले १८ इंच; लांबी कमीअधिक करता येते, ती साधारण एक मीटर ठेवतात. पेंढ्याची गासडी १५ ते २० किलो भरते, गवताची थोडी अधिक. दट्ट्या मागेपुढे होऊन चारा ठासतो आणि दोन दोऱ्या आपोआप बांधल्या जातात; त्यासाठी यंत्रास थांबावे लागत नाही. काम भराभर होते, परंतु गाठी मारणारा भाग नाजूक असतो. तो जाणणारा कारागीर जवळपास नसेल तर हंगामात यंत्र उभे राहते. किंमतही पुढील वर्गापेक्षा बरीच अधिक असते.

दुसरा वर्ग लहान गोल गासडीचा, ज्यास ‘मिनी राउंड बेलर’ म्हणतात. सुमारे ६० सेंटिमीटर व्यास, मीटरभर लांबी, आणि वजन १८ ते २५ किलो. यंत्र हलके असते. ३५ ते ४५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर त्यास पुरतो. रचना साधी आहे. मात्र प्रत्येक गासडी बांधताना क्षणभर थांबावे लागते. नीट पसरलेल्या ओळी मिळाल्या तर तासास ४०-५० गासड्या निघतात.

तिसरा वर्ग मोठ्या गोल गासडीचा. चार फूट व्यास आणि चार फूट रुंदीची गासडी २०० ते ३०० किलो भरते. चौथा वर्ग मोठ्या चौकोनी गासडीचा. त्यास १०० अश्वशक्तीहून अधिक जोराचा ट्रॅक्टर लागतो. पंजाब-हरियाणात भाताचा पेंढा जाळण्यावर निर्बंध आल्यानंतर कारखान्यांस पेंढा पुरविण्यासाठी बेलर मोठ्या संख्येने चालू लागले. आपल्याकडे उसाचे पाचटही गासड्या बांधून कारखान्यांत जळणासाठी जाते. तेथे मोठी गासडी योग्य, कारण तेथे ती यंत्राने उचलली जाते आणि बॉयलरात जाते. आपली गासडी गव्हाणीत जावयाची आहे.

आता मुख्य प्रश्न. गासडी केवढी असावी हे यंत्र विकणाऱ्यास विचारू नये. गोठ्यात चारा घालणाऱ्यास विचारावे. आणि बंधूंनो, आपल्या बहुतेक घरांत चारा कोण घालते? पुरुष मंडळी नोकरीनिमित्त कल्याण, वसई, मुंबईस. मुले शाळा-कॉलेजांत. पहाटे गोठ्यात असते ती घरातील काकू, वहिनी, सूनबाई. पुष्कळदा साठी उलटलेली आजी. गवताचे भारे डोकीवर वाहून त्यांच्या माना आणि कंबरा आधीच दुखावलेल्या आहेत. तिला माळ्यावरून एकटीने खाली घेता येईल आणि गव्हाणीपर्यंत नेता येईल तीच गासडी योग्य. ती १५ किलोची असेल तर उत्तम, २० किलोची असेल तर चालेल. २५ किलो ही शेवटची मर्यादा समजावी. बहुतेक यंत्रांत दाब आणि चौकोनी यंत्रांत लांबीही कमी करता येते. यंत्र चालविणाऱ्यास गासड्यांची संख्या कमी आणि वजन भारी झालेले सोयीचे पडते. पण ते सोयीचे त्यास आहे, आपणास नव्हे. पहिल्या पाच गासड्या काट्यावर घालून पाहाव्यात आणि मगच पुढील काम सुरू करू द्यावे.

दुसरी कसोटी खाण्याची. दर जनावरास दररोज सुमारे ६ किलो सुका चारा धरू; हिरवा चारा आणि आंबोण निराळे. चार जनावरांस दिवसाला २४ किलो, म्हणजे २० किलोची एक गासडी आणि वर थोडे. गासडी उघडली की त्याच दिवशी संपते. याउलट २४० किलोची मोठी गोल गासडी उघडली तर ती दहा दिवस पुरेल. आषाढातील दमट हवेत उघडी पडलेली गासडी दहा दिवसांत काय होईल हे येथील कोणाही गृहिणीस सांगावयास नको. तेव्हा नियम असा बांधावा: गासडी एक-दोन दिवसांत संपेल एवढीच असावी.

तिसरी कसोटी साठवणाची. पावसाळ्याचे १२० दिवस धरले तर चार जनावरांस २,८८० किलो, म्हणजे २० किलोच्या १४४ गासड्या लागतात. चौकोनी गासड्या विटांसारख्या बसतात. त्यांना १० गुणिले १२ फूट जागा आणि ८ फूट उंची पुरते. गोल गासड्या एकावर एक सरळ रचल्या तर वर्तुळ आणि चौकोन यांतील फरकाएवढी, म्हणजे शेकडा २१ हून अधिक जागा वाया जाते. खाचांत बसवून रचल्या तर हा तोटा शेकडा ९ वर येतो. ज्यांचा माळा लहान आहे, किंवा ज्यांना टेंपोने चारा विकावयास न्यावयाचा आहे, त्यांनी चौकोनी गासडीच पाहावी.

कोरड्या, थंड मुलखात गोल गासडी उघड्यावर ठेवतात, कारण पाणी तिच्या पाठीवरून निथळते. आपल्या पावसात हे साहस करू नये. एक उदाहरण सोडवून दाखवितो. चार फूट व्यासाच्या गासडीचे बाहेरचे फक्त सहा इंच भिजून खराब झाले तर आतला चांगला भाग तीन फूट व्यासाचा उरतो. तीनचा वर्ग नऊ, चारचा वर्ग सोळा. म्हणजे उरला सोळांपैकी नऊ भाग, आणि शेकडा ४४ चारा फुकट गेला! वरवर पाहता सहा इंच, पण हिशेबाने जवळजवळ अर्धी गासडी. लहान गोल गासडीचे तर बाहेरचे तीनच इंच भिजले तरी हेच प्रमाण येते. म्हणून आधी छप्पर, मग यंत्र. खाली फळ्या किंवा बांबू घालून जमिनीची ओल तोडावी, आणि भिंतीपासून वीतभर जागा सोडावी.

याहून घातक ओल आतली असते. परतीचा पाऊस लांबला की घाईघाईने ओला चारा बांधण्याचा मोह होतो. ओलावा शेकडा १५ पर्यंत असेल तर निर्धास्त असावे. २० च्या वर गेला की बुरशी धरते, गासडी आतून तापते, आणि मोठी रास असेल तर आपोआप पेटही घेते. बुरशीचा चारा खाऊन जनावर आजारी पडते आणि तिच्या धुळीने चारा घालणाऱ्या माणसालाही दमा लागतो. ओलावा ओळखण्याची एक घरगुती रीत अशी: कोरड्या काचेच्या बरणीत पेंढ्याचे बारीक तुकडे आणि दोन चमचे कोरडे मीठ घालून दोन-तीन मिनिटे हलवावे. मिठाच्या गुठळ्या झाल्या किंवा ते काचेस चिकटले तर ओलावा १५ टक्क्यांहून अधिक आहे असे समजावे. सकाळचे दव उडाल्याखेरीज, म्हणजे दहा-अकराच्या आधी, यंत्र शेतात घालू नये. रचल्यानंतर पहिले तीन आठवडे राशीत एक लोखंडी सळई खुपसून ठेवावी आणि अधूनमधून काढून पाहावी. ती हाती धरवत नसेल इतकी तापली तर रास तत्काळ, पण पाण्याची तयारी ठेवून आणि जपून, उकलावी.

गवताविषयी एक शब्द. गवत फुलोऱ्यावर येताच कापावे. पूर्ण वाळून पिवळे पडल्यावर कापलेल्या गवतात कस राहत नाही, आणि कुसळी गवताची कुसळे पक्व झाली की ती जनावरांच्या तोंडात रुततात. वाईट गवत दाबून बांधले म्हणून चांगले होत नाही.

आता पैशांचा हिशेब. समजा, लहान गोल गासडीचे यंत्र ४ लाख रुपयांस पडले आणि ते ८ वर्षे टिकले. दरवर्षीची झीज ५० हजार. सरासरी शिल्लक कर्जावर शेकडा १० प्रमाणे व्याज २० हजार. दुरुस्ती आणि निवारा १५ हजार. एकूण ८५ हजार रुपये वर्षास, यंत्र चालो वा न चालो. डिझेल, दोरी आणि चालकाचा पगार निराळाच. एका एकरात सुमारे १,४०० किलो पेंढा धरला तर २० किलोच्या ७० गासड्या होतात. ज्याची पाच एकर शेती आहे त्याच्या ३५० गासड्या. म्हणजे प्रत्येक गासडीवर केवळ यंत्राचा बोजा २४३ रुपये पडला! इतक्या किमतीचा पेंढा कोणती गाय खाईल? परंतु तेच यंत्र हंगामात १० हजार गासड्या बांधील तर हा बोजा साडेआठ रुपयांवर येतो. त्यासाठी सुमारे १४३ एकरांचा पेंढा हवा, आणि तासास ५० गासड्या या हिशेबाने तीस दिवस रोज पावणेसात तास काम हवे. हे एका कुटुंबाचे काम नाही. पंचवीस-तीस कुटुंबांचे आहे.

म्हणून माझे सांगणे असे की, एकट्याने यंत्र घेऊ नये. दोन-तीन गावांतील कुटुंबांनी मिळून गट करावा, आणि त्यात केवळ ज्ञातिबांधव नव्हे, तर बांधाला बांध लावून असणारे सर्व शेजारी घ्यावेत. कारण यंत्राला जात कळत नाही, सलग शेत कळते. कृषी यांत्रिकीकरणाच्या योजनेत बेलरला आणि अवजारे बँकेला सरकारी अनुदान मिळते. त्याचे दर आणि अटी वेळोवेळी बदलतात, तेव्हा अर्जाआधी तालुका कृषी कार्यालयात चौकशी करावी. अनुदान मिळते म्हणून यंत्र घेणे मात्र उलटे गणित आहे. आधी गासड्या मोजाव्यात, मग यंत्र पाहावे. अंथरूण पाहून पाय पसरावे ही म्हण आपल्या वाडवडिलांनी कर्जाविषयीच केली असावी असे मला नेहमी वाटते. पहिल्या वर्षी भाड्याचे यंत्र आणून पाहावे. आपल्या खाचरांत ते वळते की नाही हेही त्यात कळेल.

ज्यांची शेती एक-दोन एकरांचीच आहे त्यांनी निराश होऊ नये. १४ गुणिले १८ इंच तोंडाची आणि ३० इंच लांबीची, तळ नसलेली लाकडी पेटी गावातील सुतार करून देतो. आत आधी दोन दोऱ्या आडव्या टाकाव्यात, पेंढा पायांनी तुडवीत भरावा, दोऱ्या घट्ट बांधाव्यात आणि पेटी वर उचलावी. दहा किलोच्या आसपासची सुबक गासडी तयार होते. घरातील दोन माणसे रविवारच्या सुटीत हे काम करू शकतात, आणि कर्ज शून्य.

सुरक्षिततेविषयी हात जोडून सांगतो. ट्रॅक्टरमागील जो दांडा यंत्रास फिरवितो तो मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे एका सेकंदात नऊ. साडीचा पदर किंवा उपरणे त्यात अडकले तर ‘थांबा’ म्हणावयासही अवधी मिळत नाही. त्यावरील संरक्षक नळी कधी काढू नये. यंत्रात चारा अडकला तर ट्रॅक्टर पूर्ण बंद करून, किल्ली खिशात घालून मगच हात घालावा. लहान मुलांस त्या शेतात येऊ देऊ नये. तसेच गासडी सोडताना दोरीचे सर्व तुकडे मोजून काढावेत. प्लॅस्टिकची दोरी जनावराच्या पोटात गेली तर ती बाहेर पडत नाही. ताग किंवा घायपाताची दोरी मिळत असेल तर ती पसंत करावी.

मघाशी वजनाचा मुद्दा सांगितला. गासडी नगावर विकणे आणि नगावर मजुरी देणे सोपे असते, पण त्यात एकाचे नुकसान होतेच. सैल गासडीत घेणारा फसतो, भारी गासडीत वाहणारा मजूर. म्हणून विक्री वजनावर करावी आणि मजुरी ठरविताना गासडीचे वजन उघड सांगावे. ज्या जिल्ह्यात या न्यायासाठी माणसांनी लढा दिला, तेथे आपण तरी काटा लपवू नये.

आणि शेवटी जमिनीचा वाटा. यंत्र आले म्हणून शेत झाडून नेऊ नये. खुंट आणि खालचा थोडा पेंढा जमिनीत राहू द्यावा. तीही खाणारी आहे, आणि तिच्याच जोरावर पुढचा पेंढा यावयाचा आहे.

बंधुभगिनींनो, १९७२ चा दुष्काळ आपल्यातील वृद्धांना आठवतो, आणि २०१३ सालच्या चारा छावण्या तरुणांनीही वर्तमानपत्रांत पाहिल्या. आपल्याकडे पाऊस उदंड म्हणून चाऱ्याची किंमत आपणास वाटत नाही. पण शेतात कुजलेला पेंढा आणि गोठ्यात उपाशी उभे असलेले जनावर यांच्यामध्ये बहुधा एका कोरड्या माळ्याचेच अंतर असते. घरी गेल्यावर प्रत्येकाने तीन आकडे कागदावर लिहावेत: जनावरे किती, पेंढा किती, आणि कोरडी जागा किती. मग घरात जी चारा घालते तिला विचारावे की, बाई, तुला किती किलो सहज उचलवेल? चौथा आकडा तोच. हे चार आकडे ज्यांच्याजवळ असतील त्यांनी पुढील बैठकीस ते घेऊन यावेत. यंत्र घ्यावे की न घ्यावे हे त्यांवरून सर्वांना मिळून ठरविता येईल.

 भोजनाची वेळ झाली आहे. जनावरांच्या चाऱ्याविषयी बोलता बोलता माणसांना ताटकळत ठेवणे बरे नव्हे. इतके बोलून मी आपली रजा घेतो.